अठरा चाचण्या आणि एक ओळ

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं म्हातारा स्वतःशी म्हणत असे. ते खरं नव्हतं. उत्तर राहून गेलं नव्हतं, त्याने टाळलं होतं. तीन वर्षं आणि वर चार महिने.

पत्र म्हणजे मेलच. संगणक ज्याच्या जिवावर चालतात त्या कर्नलचा, म्हणजे सगळ्या कारभाराच्या गाभ्याचा, एक लहानसा कोपरा म्हातारा बावीस वर्षं सांभाळत होता. नोकरी संपली, बायको गेली, कोपरा तेवढा राहिला. त्या कोपऱ्यासाठी त्याने अठरा चाचण्या लिहिल्या होत्या. कोणाच्या बदलामुळे काही बिघडलं, तर बोंब मारायचं काम त्यांचं. पण त्यासाठी आधी त्यांचं बिल्ड व्हावं लागतं, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार व्हावा लागतो.

पत्र लिहिणारी बाई अनोळखी होती. तिने लिहिलं होतं : ‘तुमच्या चाचण्या फार नेटक्या आहेत, पण त्यांचं बिल्ड कोणी करतच नाही. त्यांच्यापुढे तुम्ही जो स्विच ठेवलाय तो मुळात बंद असतो. सगळ्याचं बिल्ड करा म्हटलं तरी या वगळल्या जातात. एका ओळीचा बदल सोबत जोडलाय. वगळण्यामागे काही कारण असेल तर कळवा, मला शिकायला आवडेल.’

कारण होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. आपल्या चाचणीपायी कुणा परक्याचं बिल्ड अडलं तर तो काय म्हणेल, या धास्तीने त्याने तो स्विच घातला होता. ज्याला हवं त्याने लावावा. तीन वर्षांत कोणी लावला नाही. इतकंच काय, जुना संगणक बिघडून नवा आणला तेव्हा म्हातारा स्वतःही लावायला विसरला. रोज सकाळी बिल्ड करणाऱ्या यंत्रांचा अहवाल यायचा, ‘सर्व ठीक’. चहाबरोबर तो वाचायचा, समाधानाने कप विसळायचा आणि पालथा घालायचा. ओट्यावर दुसरा कप नव्हताच.

सोमवारी थोरल्यांचा मेल आला. सगळ्यांचे बदल गोळा करून पुढे धाडणाऱ्या गृहस्थांना मंडळी थोरले म्हणत. दोनच ओळी होत्या. तुमच्या चाचण्या बिल्ड होत नाहीत, कोणी वापरतही नसावं. हरकत नसेल तर शुक्रवारी काढून टाकतो.

म्हाताऱ्याने स्विच लावून पाहिला. तेवीस चुका. एक फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, पूर्वी दोन गोष्टी मागायचं, ते कोणीतरी तीन मागणारं केलं होतं. करणारा माणूस प्रामाणिक. जिथे जिथे ते वापरलं होतं त्या एकेचाळीस जागा त्याने दुरुस्त केल्या होत्या. बेचाळिसावी जागा, म्हणजे या चाचण्यांची फाइल, त्याला दिसलीच नाही, कारण ती बिल्ड झालीच नव्हती. म्हाताऱ्याने तारीख पाहिली. बाईच्या पत्रानंतर दोन महिन्यांची होती.

मंगळवार, बुधवार तो मान मोडून बसला. बुधवारी संध्याकाळी सतरा चाचण्या पास झाल्या आणि अठरावीने बोंब मारली. तिचं म्हणणं खरं होतं. त्याच्याच कोपऱ्यात एक खोट शिरून बसली होती, आणि रोज सकाळी तो ‘सर्व ठीक’ वाचत होता.

आता उरली स्विचची ती एक ओळ. गुरुवारी दुपारी त्याने ती स्वतःच टाइप केली. कोणीही लिहिली असती तर अशीच लिहिली असती. पण या धंद्यात रीत अशी की ज्याचा बदल त्याचं नाव वर, सांभाळणाऱ्याची सही खाली. तिचा बदल घ्यायचा तर तिला उत्तर द्यायला हवं, आणि ते हजारो लोक वाचतात त्या मेलच्या यादीवर, तिच्या पत्राच्या तारखेसकट. आपल्या नावाने पाठवलं तर कोणाला कळणार होतं? मसुद्यांच्या फोल्डरमध्ये तिला लिहिलेली अकरा उत्तरं पडून होती. प्रत्येक आधीच्यापेक्षा लांब.

फोन वाजला. दर गुरुवारी मुलगी जेवणाच्या सुट्टीत फोन करायची.

“बाबा, बरं आहे ना?”

“बरं आहे.”

“जेवलात?”

“जेवलो.”

“काय जेवलात?”

हा प्रश्न नेहमीचा नव्हता. त्याने ताटलीकडे पाहिलं. “पाव होता.”

“पाव. आणि मी वेडी, दर गुरुवारी ‘बरं आहे’ ऐकून फोन ठेवते. काय झालंय?”

“काही नाही. एका बाईला उत्तर द्यायचंय. तीन वर्षं झाली.”

“अगं बाई. कोण ही?”

“कामातली आहे. चेष्टा नको.”

“बरं, नाही करत. काय लिहायचंय तिला?”

“तिचं बरोबर होतं म्हणून.”

“मग तेवढंच लिहा ना. शब्दकोश काढून बसलाय का?”

“नाही,” म्हातारा म्हणाला आणि समोर उघडा असलेला शब्दकोश त्याने आवाज न करता मिटला.

“रविवारी येते मी. डबा घेऊन. नको म्हणू नका.”

तो नको म्हणाला नाही. फोन ठेवल्यावर दुसऱ्या खुर्चीवरची पुस्तकं त्याने उचलून जमिनीवर ठेवली. मग स्वतःच्या नावाचा बदल पुसला, तिचा जसाच्या तसा घेतला, खाली सही केली. एकदा वाटलं, तिचा पत्ता तरी चालू असेल का? नसला तर नसू दे. त्याने लिहिलं :

‘तुमचं पत्र मला त्याच दिवशी मिळालं होतं. वगळण्यामागे कारण नव्हतं, भीती होती. तुमची ओळ तुमच्या नावाने घेतली आहे. अठरावी चाचणी सध्या नापास होते, आणि तिचंच बरोबर आहे. दुरुस्ती मी करतो आहे. उत्तराला उशीर केला, माफ करा. थोरले, माझी हरकत आहे. चाचण्या काढू नका.’

पुन्हा वाचलं तर बारावा मसुदा होईल हे त्याला ठाऊक होतं. न वाचताच त्याने पाठवून दिलं.