ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह आणि बाबांचा डी ड्राइव्ह

मी एक जुना पेनड्राइव्ह आहे, मित्रांनो. टोपण केव्हाच हरवलं, अंगावरचं कंपनीचं नावही पुसलं गेलं. कॅल्गरीतल्या एका बेसमेंटमध्ये, ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये सुटी बटणं, सेफ्टी पिना आणि संपलेल्या सेलसोबत माझे दिवस गेले. हसू नका. या हिवाळ्यात मलाच शोधायला घरभर धावपळ झाली होती.

जन्म कुठल्या कारखान्यातला, ते आठवत नाही. शुद्धीवर आलो तो नागपुरात, सीताबर्डीच्या एका दुकानात. मला घेतलं ते कॉलेजात जाणाऱ्या अस्मिताने. तिच्या असाइनमेंट, मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो, चारदोन सिनेमे, सगळं पोटात घेऊन मी हिंडलो. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला नेलं की तिथला व्हायरस मला हमखास चिकटायचा, आणि वर बोलणी मीच खायची. पुढे ती शिकायला कॅनडात आली, तिच्या पर्समधून मीही आलो.

इथे तिने एक जुना लॅपटॉप घेतला. त्यात विंडोज होतं, पण नकाशे बनवण्याच्या कोर्ससाठी तिला सोबत लिनक्स ही दुसरी सिस्टिमही हवी होती. तिच्या वर्गातल्या नंदनने माझ्यावरचं सगळं पुसलं आणि अख्खं लिनक्स माझ्यावर उतरवलं. लग्नाचे फोटो गेले, सिनेमे गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आता बंद पडलेला कॉम्प्युटरसुद्धा माझ्यावरून सुरू करता येत होता. अस्मिताच्या लॅपटॉपवर लिनक्स मीच बसवलं. “याला जपून ठेव हं,” नंदन म्हणाला. तिने जपून ठेवलं, म्हणजे ड्रॉवरमध्ये टाकलं.

हिवाळ्यात अस्मिताचे बाबा, शरदचंद्र, नागपूरहून राहायला आले. भला माणूस, पण रिकामं बसवत नाही. रोज सकाळी कानाला मफलर गुंडाळून घरमालकाच्या आधी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने शोव्हल करायचे. एकदा बँफला फिरून आल्यावर फोटो ठेवायला म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडला, विंडोज सुरू केलं, आणि बघतात तर काय, डी ड्राइव्हच नाही.

आपल्याकडे कॉम्प्युटर म्हटला की सी, डी, ई असे कप्पे हवेतच. महत्त्वाचं ते डीमध्ये, कारण काही बिघडलं की दुकानदार सीवर फॉरमॅट मारून मोकळा होतो. पोरीचं सामान सुरक्षित राहावं म्हणून बाबांनी डिस्कमध्ये मोकळी जागा काढली आणि मोठ्या प्रेमाने एक डी ड्राइव्ह बनवला. विचारलं कुणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्मिताने लॅपटॉप सुरू केला तर नुसता काळा पडदा. वर इंग्रजीत एक ओळ, की असा भाग सापडत नाही. त्याच दुपारी तिला वर्गापुढे शेवटचा प्रोजेक्ट दाखवायचा होता. नकाशे सगळे लिनक्समध्ये, आणि कॉपी कुठेच नाही, उद्या करू म्हणून राहिलेली. प्रोजेक्ट बुडाला तर टर्म बुडणार, टर्म बुडली तर वर्क परमिट लांबणार.

“बाबा, काल तुम्ही यात काही केलं का?”

“काही नाही बाप्पा. एक डी ड्राइव्ह बनवला फक्त. तुझ्यासाठीच.”

ती डोकं धरून बसली. बाबा हळूच म्हणाले, “फॉरमॅट मारून पाहायचं का?”

“फॉरमॅट मारलं तर माझं सगळं जाईल, बाबा.”

बाबांचा चेहरा पार उतरला. आवाज न चढवता म्हणाली ती, पण त्यांना ते जास्तच लागलं.

तिने नंदनला फोन लावला. तो सीट्रेनमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये होता. “पॅनिक होऊ नकोस,” तो म्हणाला. “डेटा बहुतेक सेफ आहे. फक्त बूट लोडर हरवलाय. तुझा तो पेनड्राइव्ह कुठंय?”

हा बूट लोडर म्हणजे लॅपटॉपमध्ये अगदी आधी जागा होणारा छोटासा प्रोग्राम. विंडोज किंवा लिनक्स डिस्कच्या कुठल्या भागात आहे ते शोधून उठवणं हे त्याचं काम. बाबांच्या डी ड्राइव्हमुळे भागांचे नंबर सरकले, आणि हा बिचारा जुन्याच नंबरचं दार ठोठावत बसला होता.

घरभर शोधाशोध झाल्यावर बाबांनी ड्रॉवर उपसला आणि मला वर काढलं. “अरे, हा तर मी आज फोटोंसाठी फॉरमॅट करणार होतो.”

ऐकून माझी पाचावर धारण बसली.

अस्मिताने मला लॅपटॉपला लावलं. पहिल्यांदा तिने माझ्यावरून सुरू करायचं बटण उशिरा दाबलं, पुन्हा तोच काळा पडदा. दुसऱ्यांदा वेळेवर दाबलं आणि मी सुरू झालो. तिने आतली डिस्क उघडली. नकाशे होते. सगळे जागच्या जागी. नंदनने बजावल्याप्रमाणे तिने आधी त्यांची कॉपी ऑनलाइन चढवली आणि मग दुरुस्तीला हात घातला. नंदनने मेसेजवर कमांड पाठवल्या. बाबा चष्मा लावून एकेक अक्षर वाचत होते, ती टाइप करत होती.

शेवटच्या कमांडमध्ये डिस्कचं नाव तिचं तिने घालायचं होतं. “थांब,” बाबा म्हणाले. “यादीत या नावापुढे सोळा जीबी लिहिलंय. तुझी डिस्क एवढीशी आहे काय?”

ते नाव माझं होतं. नवा बूट लोडर ती लॅपटॉपऐवजी माझ्यावरच लिहायला निघाली होती. तिने नाव बदललं, एंटर दाबलं, मला काढलं आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. पडद्यावर लिनक्स आणि विंडोज, दोन्ही नावं आली. ती बाबांच्या गळ्यात पडून रडली, आणि तशीच जॅकेट चढवून कॉलेजला पळाली.

संध्याकाळी प्रोजेक्ट दाखवून हसत घरी आली. बाबांनी चहा ठेवला होता. “माझ्यापायी तुझं सगळं गेलं असतं,” ते म्हणाले.

“तुम्ही थांब म्हणालात म्हणून तर पोचले, बाबा.”

मित्रांनो, तुमच्या कामाची एक कॉपी आजच करून ठेवा. काही बिघडलं तर पुसून टाकायची घाई करू नका, आत सगळं शाबूत असू शकतं. माणसांचंही तसंच असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आता मी ड्रॉवरमध्ये नसतो. किल्ल्यांच्या खुंटीला लटकतो. औषधाच्या चिकटपट्टीवर बाबांनी लिहून ती माझ्या अंगाला चिकटवलीय, ‘फॉरमॅट करू नये’. नागपूरला परतताना त्यांनी अस्मिताकडून माझ्यासारखाच दुसरा पेनड्राइव्ह बनवून घेतला. तिकडे जो तो फॉरमॅट मारायला सांगतो, त्याला आधी हा दाखवीन म्हणाले.