बारसं न झालेला रकाना

मी एक जुना रकाना आहे, मित्रांनो. परभणीच्या एका खाजगी दवाखान्याच्या संगणकात रुग्णांचा तक्ता होता, त्यातला. शेजाऱ्यांची नावं कशी सरळ होती: रुग्णाचे नाव, गाव, वय. माझं नाव 'सी सात'. कोणाला कोणतं औषध सोसत नाही, ते माझ्यात लिहायचं. जिवाची गोष्ट, आणि नाव हे असलं!

मला घडवलं महारुद्रने. हुशार होता, पण भारी घाईचा. डॉक्टरांना दसऱ्याच्या मुहूर्तावर नारळ फोडायचा होता. शेजारी उभ्या नर्स सुकेशनीताईंनी माझं नाव पाहून त्याला टोकलं. तो हसला. "ताई, पडद्यावर तुमाला बरोबर नाव दिसंल. आतलं कोण बघायलंय? मागून बदलू." नारळ फुटला, पेढे वाटले, महारुद्र पुण्याला गेला. लेकराचं बारसं बाराव्या दिवशी होतं. माझं राहूनच गेलं.

तरी मी इमानाने राबलो. सोनपेठच्या कुसुमबाई एकदा पेनिसिलिनच्या इंजेक्शनने सुजून गेल्या, जीव कसाबसा वाचला. सुकेशनीताईंनी ते माझ्यात नोंदवलं आणि कुसुमबाईंच्या मुलाला, सितारामला, सांगितलं की आता आईचं नाव टाकलं की पडद्यावर लाल अक्षरं येतील. तो निर्धास्त झाला. डॉक्टरही पाहुण्यांना त्या लाल अक्षरांचं कौतुक ऐकवायचे.

पुढे नवा संगणक आला. राजेश्री नावाची मुलगी सगळी माहिती नव्या तक्त्यात हलवत होती. माझ्यापाशी येऊन ती अडली. माझ्या पलीकडचे सी आठ, सी नऊ रिकामेच होते. तिने महारुद्रला फोन लावला, तर त्यालाच आठवेना! म्हणाला, "सी-वाले सगळे चाचणीचे होते. सोडून द्या." ज्याने जन्म दिला त्यानेच ओळख दिली नाही. माझ्या पोटात काय आहे, ते उघडून बघायचे कष्टही कोणी घेतले नाहीत. जुन्या संगणकासकट मी अडगळीच्या खोलीत गेलो.

पुढचं मला सुकेशनीताईंच्या तोंडून कळलं. त्या पूर्णेला माहेरी गेल्या असताना कुसुमबाईंना तापात बेशुद्ध अवस्थेत आणलं. आईला एक इंजेक्शन सोसत नाही, कोणतं ते संगणकात आहे, असं सितारामने आल्याआल्या सांगितलं. नव्या नर्सने पडदा पाहिला. लाल अक्षरं नव्हती. पेनिसिलिन दिलं गेलं. कुसुमबाई परत शुद्धीवर आल्याच नाहीत.

ताई परतल्या तेव्हा सितारामला घेऊन थेट माझ्याकडे आल्या. मला उघडलं. नोंद जशीच्या तशी होती. सितारामने ती वाचली.

"लिहिलं व्हतं की," तो म्हणाला. "मंग माझ्या मायला का दिलं?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कोण विचारतो?

नव्या तक्त्यात आता एक रकाना केलाय म्हणे, 'न सोसणारे औषध' अशा स्वच्छ नावाचा. वरातीमागून घोडं! मित्रांनो, नाव असं ठेवा की तुम्ही निघून गेल्यावर परक्या माणसालाही कळावं. आणि 'मागून बदलू' म्हणू नका. मागून कोणी येत नाही. माझं नाव अजून सी सातच आहे.