वाळलेला कचरा, दोन खेपा

तीन दात गेलेलं एक दाताळं.

‘बोटींचा धक्का लवकरच’ अशी पाटी. त्यातला ‘लवकरच’ उन्हाने उडालेला.

दाताखाली कटकन वाजणारं बी.

जुने पडदे जोडून शिवलेली आठ मोठी कापडं.

निळ्या पुठ्ठ्याची वही.

गाळात रुतलेली एक चप्पल, डाव्या पायाची.

आता जोडते. मला जोडायचीच सवय. तळ्याकाठी माझं शिवणकामाचं दुकान आहे.

धक्का बांधायचा म्हणून चार वर्षांपूर्वी तळ्यालगतचा उतार यंत्राने खरवडला. धक्का आला नाही. माती मात्र दर पावसात तळ्यात उतरली. दुकानाच्या पायरीपासून पाच पावलांवर पाणी असायचं, तिथे आता गाळ आहे. कुणाला काही वाटलं नाही. अण्णांना वाटलं. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर जमिनी मोजल्या, आता गुडघे गेले, पण गवताची नावं सगळी जिभेवर.

“रोपं नकोत,” ते म्हणाले. “इथलं होतं तेच गवत परत आणायचं. रुळांच्या कडेला थोडं शिल्लक आहे.”

रुळांच्या कडेचा तेवढाच तुकडा उरला होता, आणि त्यावरही काँक्रीट ओतायचं ठरलं होतं. म्हणजे संधी एकच. आणि कच्चं कापलं तर बी फुकट.

अण्णांची पद्धत अशी: तुरा तळहातावर चोळायचा, बी दाताखाली धरायचं. दबलं तर थांबायचं, वाजलं तर कापायचं. मी आणि वहिनी नऊ दिवस रोज तुरे आणून देत होतो. दहाव्या दिवशी वाजलं.

“चार दात उरलेत, त्यातला एक तरी कामाला आला,” वहिनी पुटपुटली.

“ऐकू येतं हो मला,” अण्णा म्हणाले. “कान शाबूत आहेत.”

आम्ही दोघींनी गवत कापलं, आठ कापडांत बांधून आणलं आणि बियांसकट उघड्या उतारावर वीतभर जाड पसरलं. काड्या मातीला धरून ठेवतात, बी सावकाश खाली झडतं, पाऊस आला की रुजतं. कापडं घडी करून तिथेच दगडाखाली ठेवली, वारा सुटला तर झाकायला. दिसायला सगळा पसारा, हे मान्य.

“अण्णा, पाटी लावते.”

“पाटी लावली की लोक बघायला येतात. बघायला आले की तुडवतात. काही नको.”

यावरून मी भांडले आणि हरले.

शनिवारी रुळांच्या कडेला काँक्रीट पडलं. सोमवारी माझं दुकान बंद असतं. मंगळवारी उघडलं, तर समोर उताराची चकचकीत हजामत. एक काडी नाही.

तशीच नगरपालिकेच्या ऑफिसात गेले.

“स्वच्छता सप्ताह होता, मॅडम,” साहेब म्हणाले. टेबलावर काच, काचेखाली त्यांच्याच सत्काराचा फोटो.

“आम्हाला परवानगी होती. हे तुमचं पत्र, हा तुमचा शिक्का.”

“पत्रात लागवड लिहिलंय. तिथे लागवड कुठे होती? वाळलेला कचरा होता.”

“त्या कचऱ्यात बी होतं!”

“बी पाकिटात असतं, मॅडम.” ते समजुतीच्या सुरात बोलले, म्हणून जास्तच झोंबलं. “तुम्ही काळजी करू नका. तिथे आपण हिरवी मॅट अंथरतोय. प्लास्टिकची. कधी वाळायची नाही.”

“आणि खालची माती? तिला काय गोंद लावणार?”

शेजारचा कारकून हसला, मग साहेबांकडे बघून खोकला. साहेबांनी कामांच्या नोंदींची निळी वही माझ्यापुढे सरकवली. सोमवारची नोंद: वाळलेला कचरा, दोन खेपा, डेपोत जाळून नष्ट. खाली सही, बाजूला शिक्का.

चार वर्षं माती वाहत होती, तेव्हाची पानं मी तिथेच उलटली. एक ओळ नाही. तळं भरत आलं, त्याची नोंद नाही. आमचं गवत मात्र एका दिवसात गोळा, जाळून, सही-शिक्क्यासह नष्ट.

“हा उतार ज्याने खरवडला त्याचं नाव कुठे लिहिलंय? दाखवा.”

“तो विभाग वेगळा.”

“कचरा म्हणे! पत्र न वाचता शिक्का मारता, कचरा तो आहे!” माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार. जाऊ दे गेला तर.

फाटकाशी सफाईवाल्या मावशी उभ्या होत्या, हातात ते दात गेलेलं दाताळं.

“ताई, जरा ऐका.”

“तुम्हीच ओढलंत ना? आता काय ऐकायचं राहिलं?”

“अहो, ऐका तरी, ते गवत...”

“साहेबांना सांगा तुमच्या!”

तरातरा निघाले. जवळची वाट म्हणून गाळातून गेले, चप्पल रुतली, तिथेच सोडली. अर्धी अनवाणी घरी पोचले.

अण्णा खाटेवर ताठ बसून होते. “काय म्हणाले?”

“जाळलं.”

“सगळं?”

“दोन खेपा.”

ते आपल्या तळहाताकडे बघत राहिले, तुरे चोळायच्या त्या हाताकडे. मग म्हणाले, “पाटी लावायला हवी होती. तुझं बरोबर होतं.”

माझं बरोबर होतं, असं अण्णा आयुष्यात कधी म्हणाले नव्हते. ऐकून बरं वाटेल असं मी लहानपणापासून धरून चालले होते. अजिबात वाटलं नाही. त्या निळ्या वहीने अण्णांच्या तोंडून हे काढलं, म्हणून नव्याने तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी पाणी घेऊन आली. ते अण्णांनी घेतलं नाही, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

सोमवारी कचऱ्याची गाडी बंद पडली होती, डेपोत काहीच गेलं नव्हतं, आणि मावशींनी सगळं गवत आमच्याच कापडांत बांधून तळ्याच्या पंपघरात, कोरड्या जागी, रचून ठेवलं होतं.