जीपची शेकशेगडी

परभणीकडं थंडी पडली की माणसं येकवेळ उठतील, पण मुंजाजीची डिझेलची जीप उठायची न्हाई. उठली तर नुसती उठायची न्हाई. आधी खोकायची, मंग पांढरा धूर असा सोडायची की आख्खी गल्ली गायब. त्यात कच्च्या डिझेलचा वास. वालूरची माणसं तोंडाला उपरणं लावून बोलायची, "झाली मुंजाजीची सकाळ."

येरवी मुंजाजी हसायचा. आज हसायला येत नव्हतं. आज पोरीची, मनिषाची, पोलीस भरतीची धाव व्हती परभणीला. गेल्या साली ती धावता धावता खोकली आन् मागं पडली. घरी कुणी काई बोललं न्हाई, पण मुंजाजीच्या डोक्यात पक्कं बसलं व्हतं: आपल्याच जीपच्या धुरानं पोरीची छाती भरली. जीपच्या बुडाला भोक हाय, त्यातून धूर आत येतो, त्याला ठावं व्हतं.

म्हणून झुंजूमुंजूच्या आधीच त्यानं घमेल्यात इंगळ पेटवले, फुंकून फुंकून लाल केले आन् इंजनाच्या खाली सारले. बॉनेटवर घरातली वाकळ टाकली. त्याची बायको पार्वतीबाई दारात उभी राहून बघायली.

"माझ्या बाळंतपणात बाजेखाली येवढी शेक कुणी दिली न्हाई," ती म्हणली. "आता बाळंतिणीला डिंकाचा लाडू बी द्या येक."

"तू गप गं. पोरगी कुठाय?"

"तुमीच तर लिंबाखाली उभं केलंय तिला. धूर लागू नये म्हणून."

हे खरं व्हतं. रातीच त्यानं वारं कुठून येतंय ते बघून ठेवलं व्हतं. मनिषा लिंबाखाली सॅक पाठीला लावून पाय झटकायली.

मुंजाजीनं घमेलं काढलं, वाकळ काढली. चावी अर्धी फिरवून हीटरचा पिवळा दिवा विझायची वाट बघितली. मंग मारला सेल्फ. जीप कण्हली, हादरली आन् चालू झाली. पण वारं पहाटं फिरलं व्हतं. सगळा लोट सरळ लिंबाकडं गेला. पोरगी दिसंना.

मुंजाजीचा जीव उडाला. त्यानं काई इचार न करता चावी बंद केली.

"आता कामून बंद केली?" पार्वतीबाई म्हणली.

"धूर पोरीकडं चाललाय."

"मंग पोरीला हालवायचं. गाडी कशाला बंद केली?"

त्यानं परत सेल्फ मारला. येकदा, परत येकदा. नुसतं टिक टिक. बॅटरी बसली. शेजारचे दिनकरराव मफलर गुंडाळून आले, ते आन् पार्वतीबाई ढकलायला लागले. जीप हालंना. तेवढ्यात स्टँडाकडून येस्टीचा हॉर्न वाजला.

मनिषा जवळ आली. "अण्णा, मी येस्टीनं जाते."

"थांब गं, होतीय चालू."

"जाते मी," ती म्हणली आन् गेली बी.

बापाची गाडी दारात, आन् पोरगी येस्टीत. मुंजाजीला लय लागलं ते. दिनकररावांनी आणखी दोघं गोळा केली, जीप उतारावर नेली, आन् तिथं ती झटक्यात चालू झाली. मुंजाजी तसाच निघाला. सगळ्या रस्त्यानं येस्टी दिसती का बघायला. दिसली न्हाई.

परभणीत मैदानापासून लय लांब त्यानं गाडी लावली. बॉनेट उघडलं, झाकलं. चहा घेतला, अर्धा टाकून दिला. उन्हं वर आली तवा मनिषा येताना दिसली, छातीवर नंबर तसाच.

"येवढ्या लांब गाडी कामून लावली?"

"धूर."

"आता कुठाय धूर?"

"खोकलीस का?"

"न्हाई. पास झाले. आता लेखी."

मुंजाजी मडगार्ड धरून खाली बसला. "मला म्हाईतच व्हतं. गेल्या साली माझ्या धुरानंच घात केला तुझा."

"धूर काय घेऊन बसलाव, अण्णा," मनिषा म्हणली. "गेल्या साली मी भेले व्हते. सगळ्या रस्त्यानं तुमी इचारायलाव, दम लागतो का, पाय दुखतो का, भेव वाटतं का. गाडीतून उतरले तवाच पायातलं बळ गेलं व्हतं. आज येस्टीत बसले आन् झोपले. परभणी आली तवा कंडक्टरनं उठवलं."

दोघं गाडीत बसले. पाय कसा हाय, किती जण व्हते, कुणी काय म्हणलं, सगळं त्याच्या जिभेवर आलं आन् त्यानं गिळलं. परभणी मागं पडली, तुरीची शेतं लागली, तरी बाप्या मुका. नुसता गियर बदलायला, गरज नसताना.

शेवटी पोरगीच म्हणली, "इचारा की आता काय इचारायचं ते."

मुंजाजीनं लय इचार केला.

"भूक लागली का?" त्यानं इचारलं.