राहून गेलेली चिठ्ठी

ड्रॉवरच्या तळाशी ती चिठ्ठी सापडली आणि डिंककाका मटकन खाली बसले.

तीस तारखेला निवृत्ती, म्हणून ते टेबल रिकामं करत होते. मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. नियतकालिकातल्या लेखात चूक निघाली की पुढच्या एखाद्या अंकात दुरुस्ती छापून येते. तिची प्रत काढून मूळ लेखाच्या पानावर चिकटवायची, हे काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नाही. नाव पडलं ते त्यावरूनच. आमचा संसारही यांनी डिंकानेच टिकवलाय, असं बायको चारचौघांत म्हणायची आणि काका खूश व्हायचे.

चिठ्ठी म्हणजे अशीच एक दुरुस्तीची प्रत होती. तिच्यावर लिहिलं होतं की अमुक औषधाच्या तक्त्यात डोस चुकून दहापट छापला गेला आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर निघाले त्या दिवशी, आल्यावर चिकटवू म्हणून ठेवली असणार. नात आता दुसरीत होती.

ते मांडणीकडे धावले. तो लेख असलेल्या खंडाची जागा रिकामी होती. महिन्यापूर्वी संशोधन विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी तो नेल्याची नोंद काकांच्याच अक्षरात होती. हे जुनं औषध एका वेगळ्या आजारावर चालतं का, ते बाई तपासत होत्या. माणसांना किती डोस द्यावा याबद्दलचा लेख तेवढा एकच, आणि तो काकांनीच शोधून दिला होता, वर शाबासकीही घेतली होती. पहिलं इंजेक्शन आज अकराला देणार, असं बाई कालच हौसेने सांगून गेल्या होत्या. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. मधे दोन इमारती आणि चार जिने होते. गुडघे कधीचेच संपावर गेलेले, तरी काका पळत सुटले. जिन्यात एक विचार मनाला चाटून गेला: बाईंनी स्वतःही हिशेब ताडून पाहिला असेल, आपण गप्प बसलो तर कुणाला कळणार आहे? त्या विचाराची त्यांना अजून लाज वाटते.

वॉर्डात सिरिंज भरून तयार होती. पलंगावर एक शिंपी बाही वर करून बसला होता.

"थांबा बाई," काका धापा टाकत म्हणाले. "तो डोस चुकीचा आहे. चूक माझी आहे."

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. त्या म्हणाल्या, "काका, हे वर कळवावं लागेल. तुमचे चारच दिवस राहिलेत."

"कळवा. नाव माझंच घाला."

बाई फोन करायला बाहेर गेल्या. शिंप्याने काकांकडे पाहिलं. "म्हणजे आज नाही?"

"आज नाही. माझं एक काम राहिलं होतं."

"दुकान बंद ठेवून आलो मी. वेळच्या वेळी काम करायला काय होतं हो तुम्हा लोकांना?"

"चुकलंच माझं."

बाहीचं बटण लावता लावता शिंपी आणखी बरंच काही बोलला. काका समोर उभे राहून ऐकत होते. त्याने थांबावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.