माझ्या पायातली वीज

मित्रांनो, मी एक जुना फ्लॅश आहे. दिग्रसच्या सदाशिवरावांनी मला तरुणपणी नागपूरहून आणले. तेव्हा कॅमेऱ्यात रीळ असे. मांडवात मी लखकन चमकलो की म्हातारी माणसे डोळे चोळत आणि पोरे हसत. लग्नाचे फोटो काढायला निघण्याआधी स्टुडिओतल्या देवीचा एक फोटो माझ्या उजेडात काढायचा, ही सदाशिवरावांची बोहनी. ती त्यांनी कधी चुकवली नाही.

पुढे रिळे गेली आणि मी कपाटात गेलो. यंदा त्यांची नात सलोनी हिने डिजिटल कॅमेरा घेतला. पहिल्या लग्नाची ऑर्डरही आली. मला तो कॅमेरा आवडला नाही. इतक्या गप्प यंत्रावर विश्वास कसा ठेवावा? पण सदाशिवरावांनी मला पुसले, नवे सेल घातले आणि बोहनीसाठी माझा पाय त्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवू लागले.

"आबाजी, थांबा!" सलोनीने कॅमेरा मागे ओढला. "आधी मोजू द्या मले."

"काहून? चोर हाये का तो?"

"त्याच्या पायात किती वीज हाये, कोणाले माहीत? कॅमेरा जळला तर उद्या मांडवात का मोबाइल घेऊन उभी राहू?"

"त्या कॅमेऱ्याच्या दुकानदारानं तुह्ये कान भरले. नवा फ्लॅश विकाचा हाये त्याले!"

मलाही तसेच वाटले. मी मनातून फार दुखावलो.

सलोनीने मल्टिमीटर आणला. माझा तयारीचा दिवा लागू दिला. मग एक सुई माझ्या पायाच्या मधल्या टोकाला लावली, दुसरी कडेच्या पट्टीला. आकडा चढत दोनशे व्होल्टच्या पुढे गेला. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतली मर्यादा फारच खाली होती.

सदाशिवरावांनी विंचू दिसावा तसा हात मागे घेतला. मीही हादरलो. जुन्या कॅमेऱ्याच्या धातूच्या खटक्याला या विजेचे काही वाटत नसे. या नव्याचे नाजूक सर्किट मी एका चमकेत जाळले असते.

"म्हंजे बोहनी नाही?" त्यांनी हळूच विचारले.

"होते न! फक्त तो कॅमेऱ्यावर नाही बसनार."

तिने पिशवीतून एक छोटी डबी काढली. जुन्या फ्लॅशची वीज सोसणारी, दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसताच मला चमकवणारी. ती माझ्या पायाला जोडून तिने मला आजोबांच्या हाती दिले. "देवीच्या बाजूनं धरा, आबाजी. डोये मिटू नका बरं!"

कॅमेऱ्याचा स्वतःचा लहान फ्लॅश उडाला आणि देवीच्या बाजूने मीही चमकलो. आमच्यामध्ये एक तारही नव्हती. देवीची नथ फोटोत झळकली.

मित्रांनो, सदाशिवराव आता मला बोटांच्या टोकांनीच धरतात. मला राग येत नाही. जुन्या वस्तू फेकू नका. पण आमच्या वयाकडे पाहून भरवसाही ठेवू नका. आमच्यात किती वीज आहे, हे आम्हालाच ठाऊक नसते. आधी मोजा, मगच जवळ घ्या.