कॅप्टनचा घास

"आपा, विमानात जेवण मिळतं. पोरीला डबा कशाला?" विमानतळाच्या फाटकावरचा पहारेकरी हसला.

"डबा नाही रे. तिला एक घास घेऊ दे, बाकीची रोटी मी परत नेते," हुर्शिदा म्हणाली.

त्याचं हसू थांबलं. निघणाऱ्याने रोटीचा एक घास घ्यायचा, उरलेली घरात टांगायची आणि परतल्यावर त्यानेच ती संपवायची, हे फरगानात कुणाला सांगावं लागत नाही.

हुर्शिदाची एकुलती एक मुलगी गावहर हवाई सुंदरी होती. तिच्या विमान कंपनीचं बस्तान असं बसलं, की कंपनीने स्वस्त तिकिटांची एक धाकटी कंपनी काढली. थोरलीला नवी विमानं आली आणि जुनी रंगवून धाकटीच्या गळ्यात मारली, थोरल्याचे कपडे धाकट्याला घालावेत तशी. आजपासून गावहरही धाकटीतच. आता दिवसाला चार फेऱ्या. "चार रोट्या? भिंतभर टांगशील काय?" असं म्हणत सकाळी ती घास न घेताच निघून गेली, आणि तेव्हापासून हुर्शिदाच्या जिवाला चैन नव्हतं.

निरोप मिळताच गावहर बाहेर आली. तिच्यामागे तिच्या विमानाचे कॅप्टन शुहरत होते.

"ओयी, सगळे बघताहेत," ती आईला म्हणाली.

"बघू देत. घे."

तिने कुरकुरत घास घेतला. हुर्शिदाला हायसं वाटलं. शुहरत आता थट्टा करणार, हे तिला माहीत होतं. बायकोशिवाय कुणाला न भिणारा माणूस अशी त्यांची मोहल्ल्यात ख्याती होती. विमान जुनं असलं तरी हा माणूस आहे, याच भरवशावर ती मन घट्ट करून होती.

शुहरतनी टोपी काढली. "आपा, मलाही एक घास द्या."

"शुहरत अका, तुमची रोटी घरी टांगलेली असेल ना?"

"आहे. तरी द्या."

त्यांनी गावहरच्या घासाशेजारी घास घेतला आणि मान खाली घालून आत गेले. गावहरचं चावणं मध्येच थांबलं. हुर्शिदाने तिचा हात धरला.

"गावहर, आज नको जाऊस."

"पहिला दिवस आहे, ओयी," ती म्हणाली, पण आईचा हात सोडायला तिला वेळ लागला.

हुर्शिदा घरी गेली नाही. रोटी फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून ती तिथेच उभी राहिली. पहारेकऱ्याने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. थोड्या वेळाने विमान वर गेलं. त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला, तरी दोघं वर बघत राहिली.